शाळेसाठी टॅब घेताय? या चुका टाळा

जिल्हा परिषदेच्या शाळांत टॅब येण्याचे रस्ते ठरलेले आहेत. कधी एखाद्या कंपनीचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा निधी), कधी ग्रामपंचायतीकडचा वित्त आयोगाचा निधी, कधी गावाची लोकवर्गणी. पैसे हातात पडतात ते बरेचदा मार्चच्या तोंडावर. मग घाईघाईत तीन दरपत्रकं मागवायची आणि सगळ्यात कमी दराला मान्यता द्यायची. पुढे त्यातले बरेचसे टॅब कपाटात पडून राहतात. खरेदीच्या आधी थोडे प्रश्न विचारले असते तर हे टळलं असतं, म्हणून हा लेख.

फक्त किंमत बघणं

‘आकाश’ टॅब आठवतो? केंद्र सरकारचा विद्यार्थ्यांसाठीचा हा स्वस्त टॅब ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत मोठ्या गाजावाजात आला. सरकारला पडलेली किंमत सुमारे सव्वादोन हजार रुपये. पण रॅम २५६ एमबी, प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा आणि पडदा असा की बोट दाबल्याशिवाय कळायचं नाही. किंमत आधी ठरली आणि टॅब त्या किमतीत बसवला गेला. आपल्या दरपत्रकांतही हेच होतं. आज ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेजच्या खाली उतरू नका, आणि सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार हे पुरवठादाराकडून लेखी घ्या.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे एक नमुना टॅब आठवडाभर वर्गात वापरून बघा. बालभारतीचं पुस्तक पीडीएफमध्ये उघडा, पानं भराभर उलटा. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा धडा उतरवून घ्या आणि इंटरनेट बंद करून चालवा. चौथीच्या मुलीला ‘ज्ञानेश्वर’ टाइप करायला सांगा. पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता पडदा नीट दिसतो का, आवाज मागच्या बाकापर्यंत जातो का, हे बघा. माहितीपत्रक वाचून यातलं काहीच कळत नाही.

सगळ्या इयत्तांना एकच यंत्र

पहिली ते चौथीला टॅब चांगला. सहावीपासून पुढे मुलांनी लिहावं, तक्ता करावा, स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत प्रोग्रॅम बनवावा असं वाटत असेल तर कीबोर्ड हवाच. तेवढ्याच पैशांत टॅब कमी आणि लॅपटॉप थोडे असं घेतलं तर संख्या घटते आणि उद्घाटनाच्या फोटोत ढीग लहान दिसतो. तरी तेच करा.

गुरुजींचं स्वतःचं जीमेल

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात जास्त त्रास देते. टॅब आले की शाळेतले तंत्रस्नेही शिक्षक उत्साहानं स्वतःच्या जीमेलनं सगळे सुरू करून देतात. पुढे त्यांची बदली होते. नंतर कुणीतरी टॅब हँग होतो म्हणून बटणं दाबून रिसेट मारतं, आणि पडद्यावर जुनंच खातं मागितलं जातं. चोरीपासून बचावासाठी अँड्रॉइडमध्ये ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे. त्यामुळे टॅब ठणठणीत असूनही उघडत नाही.

असं झालं असेल तर आधी त्या शिक्षकांना फोन करा. त्यांनी एकदा लॉगिन केलं की काम होतं. ते शक्य नसेल तर मूळ बिल घेऊन कंपनीचं सेवा केंद्र गाठावं लागतं, म्हणून बिलाची प्रत दप्तरी हवीच. नवीन टॅबसाठी पहिल्या दिवशीच शाळेच्या नावाचं खातं काढा, पासवर्ड मुख्याध्यापकांकडे ठेवा, आणि कार्यभार देताना टॅबमधून वैयक्तिक खाती काढल्याची नोंद घ्या. रिसेट करायचाच तर खातं काढून, सेटिंग्जमधून करा.

डेडस्टॉकची भीती

टॅब डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढला की तो ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना वसुलीची धास्ती वाटते. मुलाच्या हातून पडला तर? मग कुलूप लागतं. शिक्षकांना यासाठी बोल लावणं मला पटत नाही, कारण ही भीती खरी आहे. यावर उपाय खरेदीच्या वेळीच करायचा असतो. जाड कव्हर आणि काच त्याच निविदेत घ्या, दुरुस्तीसाठी थोडी रक्कम बाजूला काढा, आणि वापरात फुटलेल्या टॅबचं काय करायचं याचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत आधीच करून ठेवा.

वॉरंटीचा कागद न वाचणं

केरळमध्ये ‘काइट’ या सरकारी संस्थेनं २०१८ च्या हायटेक शाळा प्रकल्पात हजारो वर्गांना लॅपटॉप आणि प्रोजेक्टर दिले, तेही पाच वर्षांच्या वॉरंटीसह आणि मुक्त सॉफ्टवेअर घालून. आपल्याकडे वॉरंटी एक वर्षाची, आणि त्यातही टॅब जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन द्यायचा. किमान तीन वर्षांची मागा, आणि दुरुस्ती शाळेत येऊन होणार की नाही हे करारात लिहून घ्या.

चार्जिंग आणि मे महिना

चोवीस टॅबना १० वॅटचे चार्जर लावले तरी एकूण २४० वॅट होतात. चार पंख्यांना याहून जास्त वीज लागते. अडचण येते ती प्लग पॉइंटची, आणि शाळेच्या वेळेत वीज असण्याची. टॅबबरोबर चार्जिंग कपाटाचा खर्च धराच.

सुट्टीत टॅब शून्यावर सोडू नका. निम्मे चार्ज करून, पूर्ण बंद करून, थंड खोलीत ठेवा. जूनमध्ये एखादा सुरू झाला नाही तर लगेच बाद करू नका. दुसऱ्या केबलनं दोन-तीन तास लावून बघा. पाठ फुगलेली दिसली तर मात्र चार्जिंगला लावू नका, मुलांच्या हातातही देऊ नका.

दान आलेले लॅपटॉप

विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, त्यामुळे कंपन्या जुने लॅपटॉप मोकळ्या हातानं देतात. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. बॅटरी बरी असेल तर घ्या आणि विंडोजऐवजी उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली टाका. मराठी टायपिंग आणि लिब्रेऑफिस (लिहिण्याचं आणि तक्ते करण्याचं मोफत सॉफ्टवेअर) त्यावर व्यवस्थित चालतं. बॅटरी गेलेली आणि चार्जर नसलेली यंत्रं मात्र नम्रपणे परत करा. ती एकदा रजिस्टरला चढली की निर्लेखनाची (नोंदीतून बाद करण्याची) फाइल तुम्हालाच फिरवावी लागते.