सी हॉकचं इंजिन बाहेरून कसं वाचायचं

गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात लोक सी हॉक या नौदलाच्या जुन्या लढाऊ जेट विमानासमोर फोटो काढतात आणि पुढे सरकतात. मला त्याची हळहळ वाटते. मी वास्कोत डिझेल मेकॅनिकचा वर्ग घेतो. मुलांना इथे आणलं की माझी एकच अट असते: नाकाकडे जायचं नाही, शेपटीकडून सुरुवात करायची.

शेपटीच्या टोकाला इंजिनाचा झोत बाहेर पडायचं तोंड शोधा. सापडणार नाही. आता पंख धडाला जुळतो तिथली मागची कड बघा. दोन्ही बाजूंना एकेक तोंड दिसेल. मुलं लगेच ओरडतात, "सर, दोन इंजिनं!" इंजिन एकच आहे, रोल्स-रॉइसचं नीन. त्याचा झोत आतच दुभागलाय. लांब नळीत झोताचा जोर वाया जातो, तो असा वाचला. शिवाय धडाचा मागचा भाग इंधनाच्या टाकीला मोकळा मिळाला. पंखांच्या मुळाशी पुढून दिसतात ती हवा आत घेणारी तोंडं.

मग बाजूला उभं राहून धडाचा फुगीरपणा बघा. नीनमधलं हवा दाबणारं चाक ट्रकच्या टर्बोचार्जरमधल्या चाकासारखंच चालतं: हवा मध्यातून घ्यायची, कडेने भिरकवायची. खनिजाच्या ट्रकचा टर्बो खोललेल्या पोराला एवढं सांगितलं की पुरतं. फक्त इथे चाकाच्या दोन्ही अंगांना पाती आहेत, त्यामुळे हवा पुढूनही येते आणि मागूनही. त्यामागे गोलाकार मांडलेले नऊ ज्वलनकक्ष. सगळं मिळून व्यास सव्वा मीटरच्या आसपास, म्हणून धड असं जाड. ब्रिटनच्या फ्रँक व्हिटलने १९३७ मध्ये चालवून दाखवलेलं जेट इंजिनही याच जातीचं. जर्मनांच्या युमो ००४ इंजिनामध्ये पात्यांच्या चकत्या एकामागे एक होत्या. ते बारीक आणि लांब. पुढे लढाऊ विमानांनी तीच वाट धरली, पण सुरुवातीच्या काळात भरवशाचं होतं ते हे एका चाकाचंच, असं माझं ठाम मत आहे.

या इंजिनांची एक खोड मुलांना जरूर सांगा. थ्रॉटल पुढे ढकलला तरी फेरे चढायला वेळ लागायचा. विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या डेकवर उतरताना विमान अडवणारी तार हुकली तर लगेच पुन्हा उडायचं असतं, म्हणून वैमानिक उतरतानाही फेरे फार खाली येऊ देत नसत. १९७१ च्या डिसेंबरात कॉक्स बाजारवर हल्ला करून परतलेली सी हॉकही अशीच उतरली.

नंतर व्हॅम्पायर या दुसऱ्या जेट विमानाकडे जा. त्यात गॉब्लिन इंजिन, झोताची नळी अगदी आखूड. शेपटी मग जोडायची कुठे? पंखांतून मागे निघालेल्या दोन दांड्यांवर.

शेवटी अलिझे विमान. समोर पंखा दिसतो म्हणून सोडून देऊ नका. तो फिरवणारं डार्ट इंजिनही टर्बाइनचंच, आणि त्याच्या पोटात टर्बोसारखी दोन चाकं एकामागे एक आहेत. झोत कुठून बाहेर पडतो, ते मुलांना स्वतः शोधू द्या.