नाक्यावर वाद घालण्याआधी पास काढा

मी निपाणीच्या बाजूचा. कागलच्या एमआयडीसीत कामाला जातो, म्हणजे कोगनोळीचा टोलनाका रोज दोनदा. पहिलं वर्षभर गपगुमान पूर्ण टोल भरला. स्थानिक पास असतो हेच माहीत नव्हतं. गावात अजूनही तीच गत आहे, म्हणून लिहितोय.

महामार्गाच्या 2008 च्या नियमांत नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला, पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीसाठी महिन्याचा पास आहे. 2025-26 मध्ये तो 350 रुपयांना होता. कितीही वेळा ये-जा करा. नियमात अंतर मोजलंय, राज्य नाही. त्यामुळं केए-23 असो की एमएच-09, निपाणीकराचा आणि कागलकराचा हक्क सारखाच. आधार, आरसी आणि त्याच गाडीचा फास्टॅग घेऊन जा. पास कॅलेंडर महिन्याचा असतो, 25 तारखेला काढलात तर पाच-सहा दिवसांत संपतो. तुम्हाला सेवा रस्ता किंवा पर्यायी रस्ता असेल तर पास मिळत नाही. त्या कारणानं कुणी परत पाठवलं, तर नकार लेखी मागा आणि तो रस्ता नेमका कुठला हे त्यात लिहून घ्या.

15 ऑगस्ट 2025 पासून 3000 रुपयांचा वार्षिक पास आला, पण त्यात फेऱ्या 200च. रोजच्या दोन धरल्या तर शंभर दिवसांत संपल्या. पुण्या-बेंगळुरूला अधूनमधून जाणाऱ्यानं तो घ्यावा.

दुचाकी आणि ट्रॅक्टरला टोल नाही, हे ऊसवाल्यांनी ध्यानात ठेवा.

गेल्या वर्षी एका नाक्यावर, फास्टॅगमध्ये पैसे असताना यंत्र वाचेना, तर माझ्याकडून दुप्पट घेतले. घरच्या आजारपणाची घाई होती, भरले. खरं तर यंत्र त्यांचं बंद असेल तर गाडी फुकट सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची, असा नियम आहे. ती पावती मागा, नाहीतर तिथूनच महामार्गाच्या 1033 या हेल्पलाइनला फोन लावा.

आता नाका हटवा म्हणून आपण देतो त्या निवेदनाचं. कोल्हापूरकरांनी एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासोबत रस्त्यावर उतरून शहरातला टोल 2015 च्या अखेरीस घालवला. आपल्यालाही तसं वाटतं, वाटायलाच हवं. पण आपला रस्ता राष्ट्रीय महामार्ग, त्याचे नियम दिल्लीचे. ‘दोन नाक्यांत 60 किलोमीटर हवेत’ हे सगळे लिहितात. त्याच नियमात पूल, बाह्यवळण आणि बोगद्याच्या नाक्याला सूट आहे. पुलांचा टोल जुनाच. 1875 साली मुंबई सरकारनं रस्ते-पुलांच्या टोलचा कायदा केला, तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यातच होतं. महामार्ग कायद्यातही 25 लाखांहून जास्त खर्चाचे, 1 एप्रिल 1976 पासून खुले झालेले पूल टोलसाठी वेगळे नमूद आहेत. म्हणून आधी नाक्यावरचा फलक वाचा, टोल रस्त्याचा की पुलाचा ते बघा, फोटो काढा, मगच 60 चा मुद्दा घाला.

रविवारी सकाळी मी मारुतीच्या देवळात कागद तपासायला बसतो. ज्यांच्या आधारवर जुना पत्ता आहे, त्यांनी तेवढा आधी बदलून आणा.