उणे वीसमधली पागा

घोड्यांचं काम मी पुण्यात शिकले. तिथं हिवाळा म्हणजे पहाटे स्वेटर चढवून खरारा करायचा, एवढंच. पुढे कॅनडात, कॅलगरीच्या दक्षिणेला एका पागेत मोतद्दाराचं काम मिळालं. नोव्हेंबरात पारा उणे 20 वर गेला त्या रात्री मी काय केलं, तर सगळी दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या. सकाळी आत शिरले तर डोळे चुरचुरायला लागले. मुताचा अमोनिया रात्रभर कोंडलेला, घोडे खोकतायत. मालकीण काही बोलली नाही, एकेक दार उघडत गेली.

तेव्हा इकडे कामाला येणार असाल तर आधी हे ऐका: थंडी तुम्हाला वाजतेय, घोड्याला नाही. हिवाळी केस वाढलेला, कोरडा, धडधाकट घोडा साधारण उणे 15 पर्यंत मजेत असतो. केस फुलवून तो त्यांत हवा धरून ठेवतो. वर पातळशी झूल टाकली की केस दबतात आणि तो उलट गारठतो. म्हातारा, हडकलेला, केस कातरलेला घोडा असेल तर मात्र चांगली जाड झूल हवीच. आणि ती रोज काढून बरगड्यांवरून हात फिरवायचा. दाट केसांखाली घोडा किती वाळलाय ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

खरी ऊब वैरणीत. मोठ्या आतड्यात गवत आंबतं, त्यातून उष्णता निघते. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, वाढवून तेवढी मिळत नाही. 500 किलोच्या घोड्याला दिवसाला 10 किलो वाळलं गवत धरा, कडाका वाढला की त्याहून जास्त.

पण मी घाबरते ती पाण्याला. आमच्याकडची एक अबलख घोडी टबाशी यायची, ओठ टेकवायची आणि मान झटकून मागे सरायची. मला वाटलं, नखरे. दुसऱ्या दिवशी लीद सुपारीएवढी, कडक. संध्याकाळी पडलीच नाही, आणि घोडी वळून वळून कुशीकडे बघायला लागली. पोटशूळ. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पोटात पाणी आणि तेल सोडलं, म्हणून वाचली. टबातल्या हीटरची वायर सोललेली निघाली, पाण्यात करंट उतरत होता. मी त्याच टबात हात घालून बघितला होता, पण रबरी बुटांत उभी राहून! मला काय लागणार? तेव्हापासून रोज टबातल्या पाण्याला करंट तपासायचा मीटर लावते आणि लीद मोजते. बर्फ चाटून घोड्याची तहान भागते या भ्रमात राहू नका.

इथं मधेच शिनूक नावाचा गरम वारा सुटतो. काही तासांत पारा 20 अंशांनी वर, अंगणात चिखल, आणि रात्री पुन्हा गोठून सगळं काचेसारखं. त्यावर वाळू टाका. नसेल तर लीद पसरा, ती गोठली की खुरांना पकड मिळते. नाल मारलेल्या खुरांत बर्फाचे गोळे बसतात आणि घोडा उंच टाचांवर चालल्यासारखा डगमगतो. आम्ही बहुतेकांचे नाल हिवाळ्यापुरते काढूनच टाकतो.

लगामाची कडी तोंडात देण्याआधी जॅकेटच्या आत धरून गरम करा. आणि पाण्याची नळी वापरली की लगेच रिकामी करून आत टांगा. मी एकदा विसरले. मग दोन दिवस 14 घोड्यांसाठी बादल्या वाहिल्या.