कमानीचा शर कसा मोजावा आणि त्यावरून त्रिज्या कशी काढावी

गिरगाव-दादरकडच्या जुन्या इमारतीत कमानदार खिडकीची चौकट बदलायची वेळ आली, की सुतार आधी विचारतो, ‘त्रिज्या किती?’ कमानीचा वर्तुळमध्य खिडकीच्या मोकळ्या जागेत, नाहीतर तिच्याही खाली भिंतीत कुठेतरी असतो. तिथे टेपचं टोक धरता येत नाही. अशा वेळी भूमितीतली फारशी वापरात नसलेली एक संज्ञा उपयोगी पडते : शर.

कंसाची दोन टोकं सरळ रेषेने जोडली की जीवा मिळते. जीवेच्या मध्यापासून काटकोनात कंसापर्यंत जे अंतर भरतं, तो शर. धनुष्याच्या दोरीवर बाण लावावा तशी ही आकृती दिसते आणि नाव तिथूनच आलं आहे.

आता मोजणी. कमान जिथून वळायला लागते त्या दोन्ही बिंदूंना ताणून दोरी बांधा. झोल राहता कामा नये. दोरीची लांबी ही जीवा. तिच्या बरोबर मध्यावर खूण करा, गुण्या लावून काटकोन साधा आणि कमानीच्या आतल्या कडेपर्यंतची उंची मोजा. समजा जीवा १२० सेंमी आणि शर २० सेंमी आला. अर्धी जीवा ६०, तिचा वर्ग ३६००. त्याला शराने भागलं की १८०. त्यात शर मिळवला की २००. हा व्यास, म्हणून त्रिज्या १०० सेंमी.

सगळं लक्ष शर मोजण्याकडे द्या. याच खिडकीत शर चुकून १९ सेंमी घेतला तर त्रिज्या १०४ सेंमीच्या वर जाते. जीवेत एक सेंटिमीटर चुकलं तर फरक दीड सेंटिमीटरचाच पडतो. कमान जितकी चपटी, तितका शर लहान आणि चूक महाग. म्हणून शर दोन-तीनदा मोजावा, असं मी आग्रहाने सांगेन.

कमान खरोखर वर्तुळाचा तुकडा आहे का, हेही पाहून घ्या, कारण टोकदार किंवा लंबगोल कमानीला हा हिशोब लागू नाही. मध्यापासून ३० सेंमी बाजूला सरकून दोरीपासून उंची मोजा. आपल्या उदाहरणात ती दोन्ही बाजूंना १५.४ सेंमीच्या आसपास भरली पाहिजे. तशी भरली नाही, तर पुठ्ठ्यावर साचा काढून घेणंच बरं.

हा नियम फार जुना आहे. आर्यभटाने इ.स. ४९९च्या सुमारास सांगितलं, की जीवा तिला काटकोनात छेदणाऱ्या व्यासाचे जे दोन भाग करते त्यांचा गुणाकार अर्ध्या जीवेच्या वर्गाइतका असतो. दहावीच्या भूमितीत दोन जीवा एकमेकींना छेदतात त्यावरचं प्रमेय आहे, तेच हे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त व्यास १० आणि जीवा ६ असताना शर विचारला आहे. उत्तर १. वरच्या पद्धतीने ताळा करून पाहा : ३चा वर्ग ९, भागिले १, अधिक १, म्हणजे १०. हात बसवायला याहून सोपं उदाहरण नाही.

जुन्या ग्रंथात ‘शर’ दिसला तर संदर्भ तपासा. ज्योतिर्गणितात चंद्राचा शर म्हणजे क्रांतिवृत्तापासूनचं, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या भासमान वार्षिक मार्गापासूनचं, त्याचं कोनीय अंतर. ते सेंटिमीटरमध्ये नव्हे, अंशांत मोजतात.

रेल्वेत हेच माप रोजच्या कामाचं आहे. रुळाच्या वळणावर २० मीटरची दोरी बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला ताणून धरतात आणि मध्यावर दोरी ते रूळ हे अंतर मिलिमीटरमध्ये घेतात. तिथे त्याला व्हर्साइन म्हणतात. ५०,०००ला या आकड्याने भागलं की वळणाची त्रिज्या मीटरमध्ये मिळते. १२५ मिमी आले तर ४०० मीटर. हे काम रेल्वेच्या माणसांचं आहे. हौसेने करून पाहायचं असेल तर घराजवळच्या बागेतला गोल कट्टा निवडा, रुळांवर उतरू नका.