एअर रायफलचा लाकडी दस्ता घरी बसवताना या चुका टाळा

नवा दस्ता हौसेने घडवला, स्क्रू आवळले आणि जी रायफल जुन्या दस्त्यात दहा मीटरवर छर्ऱ्यावर छर्रा घालत होती, तिचा ग्रुप, म्हणजे छर्ऱ्यांच्या भोकांचा पुंजका, आता रुपयाएवढा झाला. ही तक्रार नेहमी ऐकू येते. मंडळी दोष छर्ऱ्यांत शोधतात, दुर्बिणीत शोधतात, आणि तो बहुतेक वेळा लाकडाच्या खोबणीत असतो. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा ०.५ मिमीचा असतो. तिथे खोबणीतला कागदाएवढा फरकही दिसतो.

माझे म्हणणे एवढेच आहे : रायफलचे लोखंड, म्हणजे नळी आणि तिला जोडलेली यंत्रणा, दस्त्यात स्वतःच्या वजनाने, कुठेही न वाकता बसले पाहिजे. स्क्रूने त्याला फक्त धरून ठेवायचे. स्क्रू आवळून लोखंड खाली ओढावे लागत असेल, तर लाकूड पुढे कायम त्याच्याशी भांडत राहते. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका याच एका गोष्टीकडे येतात.

सुरुवातीलाच एक मर्यादा. हा लेख ४.५ मिमी बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलींपुरता आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत त्यांना परवान्यातून सूट आहे. परवान्याच्या बंदुकीचे कोणतेही काम घरी करू नका. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे दुरुस्तीसाठीही कारागिराकडे परवाना लागतो, तेव्हा ती अशाच कारागिराकडे द्या.

लाकूड निवडताना

सोलापुरात जुनी माळवदाची घरे पाडली की सागवानाच्या तुळया वखारीत येतात. कित्येक वर्षे वाळलेले हे लाकूड दस्त्याला चांगले, पण त्यात मोडलेले खिळे आणि केसासारख्या चिरा असतात. खिळे चुंबक फिरवून शोधा. चिरांसाठी एक बाजू रंधून ओल्या फडक्याने पुसा. पाणी वाळताना चिरेत रेघ ओली राहते. अक्रोड मिळाले तर माझी पसंती त्यालाच, कारण ते हलके असते. शिसम देखणे, पण वजनदार. दहा मीटरच्या स्पर्धेत रायफलचे वजन ५.५ किलोच्या वर चालत नाही, हे शिसमाचा जाड दस्ता काढताना लक्षात ठेवा.

लाकडाच्या रेषा पाहताना दस्त्याची मान पाहा, म्हणजे हाताच्या मुठीत येणारा बारीक भाग. तिथे रेषा लांबीला सरळ गेल्या पाहिजेत. तिरक्या असतील तर सुंदर नक्षीचा मोह सोडा, तो दस्ता तिथेच मोडतो.

मग हवामान. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि हवा कोरडी पडते. श्रावणात तेच लाकूड ओलावा पिऊन रेषांना आडवे फुगते. मेमध्ये घट्ट कोरलेली खोबण ऑगस्टमध्ये लोखंडाला चिमटते. पावसाळ्यात कोरलेली उन्हाळ्यात सैल पडते. म्हणून कोरण्याचे काम मी दिवाळीपासून सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेपर्यंतच्या काळात करायला सांगतो. त्याआधी लाकडाचा ठोकळा काही महिने त्याच खोलीत पडून राहू द्या.

खोबण कोरताना

रायफल हातात घेण्याआधी : स्प्रिंगवाली असेल तर ताणलेली नाही ना, छर्रा आत नाही ना हे पाहा. पीसीपी, म्हणजे सिलेंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, असेल तर दस्त्यातून काढण्याआधी सिलेंडरची हवा पूर्ण सोडा. आणि दस्त्याबाहेर काढलेली स्प्रिंगची रायफल कधीही ताणून झाडू नका.

पहिली चूक म्हणजे आखलेल्या रेषेवर थेट पटाशी घालणे. रेषेच्या आत अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) लाकूड ठेवा आणि शेवटचे काम खरवडूनच करा. काजळी थोड्या तेलात कालवून लोखंडावर पुसट लावायची, लोखंड सरळ खाली ठेवायचे, सरळ वर उचलायचे. डाग लागला तेवढेच लाकूड खरवडायचे. काजळीचा थर जाड झाला की सगळीकडेच डाग पडतात आणि काहीच कळत नाही. लोखंड उचलताना डावे-उजवे हलवले की भिंतींवर खोटे डाग उठतात. ते खरवडत गेलात तर खोबण रुंद होते आणि गेलेले लाकूड परत येत नाही. कामात घाई व्हायला लागली की पटाशीला धार लावायला बसा, धारही लागते आणि घाईही उतरते.

नळी खाली दुमडून ताणायच्या रायफलीत ताणदांड्याची लांब फट विसरू नका. दांड्याच्या दोन्ही बाजूंनी दीड-दोन मिमी मोकळी जागा हवी. घोडा आणि सेफ्टी यांनाही लाकूड कुठे टेकता कामा नये. पीसीपीत सिलेंडर हवा भरल्यावर किंचित फुगतो, तेव्हा पुढच्या भागात सिलेंडर आणि नळी दोन्ही मोकळी ठेवा. दुमडलेला कागद अडखळल्याशिवाय सरकला पाहिजे.

स्क्रूची भोके हातड्रिलने पाडू नका. खोबण पूर्ण झाल्यावर, उभ्या ड्रिलवर, आणि स्क्रूपेक्षा थोडी मोठी पाडा. भोकाची भिंत स्क्रूला लागली की धक्का स्क्रूवर येतो आणि लाकूड चिरते.

बेडिंग करताना

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. स्प्रिंगच्या रायफलीला दुहेरी झटका असतो. पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे सरकते, आणि हवेच्या दाबावर तो अडला की रायफल पुढे झेपावते. छर्रा नळीत असतानाच हे सुरू होते. म्हणून लोखंड दर वेळी त्याच जागी परत बसले पाहिजे, आणि त्यासाठी इपॉक्सीची गादी करतात.

गादी पूर्ण लांबीला करू नका. पुढच्या स्क्रूंजवळ आणि मागच्या स्क्रूजवळ करा, मधला भाग किंचित मोकळा सोडा. गादीच्या जागी एक सूतभर लाकूड खोल काढा आणि तळाला दोन-तीन तिरकी भोके पाडा, म्हणजे इपॉक्सीला पकड मिळते. कागदासारखा पातळ थर झटक्याने सुटून येतो. सागवानात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे इपॉक्सी लावायच्या अगदी आधी ती जागा अ‍ॅसिटोनने पुसा. मागच्या स्क्रूखाली पितळी बुश, म्हणजे स्क्रूभोवतीची छोटी नळी, घालता आला तर उत्तम. एमआयडीसीतल्या कुठल्याही लेथवाल्याकडून तो काढून घेता येतो. बुशमुळे आवळण्याचा दाब लाकडावर न येता धातूवर येतो.

लोखंडाला मेणाचे बूटपॉलिश दोनदा लावून चकाकवा. स्क्रूंच्या आट्यांनाही लावा. जिथे इपॉक्सी शिरून अडकेल अशी प्रत्येक फट मुलांच्या खेळण्यातल्या मातीने बुजवा. झटपट वाळणारी इपॉक्सी घेऊ नका, चोवीस तासांची साधी घ्या आणि प्रमाण पाकिटावरचेच ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी कालवलेली इपॉक्सी हातातच घट्ट होते. पहाटे, पसरट ताटलीत कालवा. खोल वाटीत ती स्वतःच्या उष्णतेने आणखी लवकर जमते.

आता लोखंड बसवा. इथे स्क्रू आवळायचे नाहीत. हे पुन्हा सांगतो, कारण याच क्षणी हात आपोआप पान्याकडे जातो. लोखंडावर इलेक्ट्रिक टेपचे वेढे देऊन त्याची उंची आधीच ठरवा, स्क्रू फक्त जागा दाखवण्यापुरते बोटाने फिरवा आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने हलकेच बांधा. स्क्रू आवळले तर लोखंड वाकलेल्या अवस्थेत गादी जमते आणि तो ताण कायमचा त्या गादीत राहतो. बाहेर आलेली इपॉक्सी ओली असतानाच पुसून घ्या.

जवसाचे तेल गादी झाल्यावरच लावा, आधी लावले तर इपॉक्सी चिकटत नाही. खोबणीचा आतला भाग आणि बटप्लेटखालचा (खांद्याला टेकणाऱ्या पट्टीखालचा) छेद बहुतेक जण तसाच सोडतात. ओलावा तिथूनच शिरतो. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना गरम होते आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

बिघाड ओळखताना

आधी ताणाची परीक्षा करा. सगळे स्क्रू आवळा, मग एक बोट दस्ता आणि लोखंडाच्या सांध्यावर ठेवून मागचा स्क्रू हळू सोडा. हालचाल जाणवली तर ताण आहे. डायल गेज असेल तर ०.०५ मिमीपेक्षा जास्त हालचाल खपवून घेऊ नका. ताण निघाला तर गादी खरवडून पुन्हा भरा, स्क्रू कमी-जास्त आवळून तो जात नाही.

ग्रुप उभा लांबट येत असेल तर मागचा स्क्रू आणि त्याखालची गादी पाहा. लोखंड तिथे झुलत असते. स्क्रू वारंवार सैल होत असतील तर डोक्याखालचे लाकूड दबतेय. रुंद वॉशर घाला आणि आट्यांना निळे थ्रेडलॉकर (आट्या धरून ठेवणारा चिकट द्रव) लावा, लाल नको. ग्रुप छान पण उन्हाळा-पावसाळ्यात जागा बदलत असेल, तर खोबणीच्या भिंती कुठे तरी टेकत आहेत. पुन्हा काजळी लावा. चाचणी करताना छर्रे अडवणारी भक्कम आड हवी. गच्चीवर किंवा बोळात नेम धरू नका.

आणि इपॉक्सी जमल्यावर लोखंड बाहेरच येत नसेल तर हातोडा उचलू नका. आधी सगळे स्क्रू खरोखर निघालेत ना पाहा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बर्फ भरून लोखंडाच्या लांबीवर तासभर ठेवा, धातू आकसतो. मग लाकडी ठोकळ्याने खालून हलके ठोके द्या, आळीपाळीने पुढे आणि मागे. सुटले की लगेच कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गंज दिसेल.