पहिल्यांदाच जुनी गाडी बांधायला घेताय? मग कुठली घ्यायची ते आधी बघू

कोल्हापुरात जुन्या मोटारसायकलचा, ती खोलून, दुरुस्त करून परत नव्यासारखी बांधायचा नाद नसलेला माणूस हुडकावा लागतो. रविवारी सकाळी पन्हाळा रोडला एखादी चकाचक येझदी नाहीतर यामाहा आरएक्स गेली की बघणाऱ्यातला एखादा तरी घरी जाऊन मोबाईलवर जुन्या गाड्या बघत बसतोच. नाद चांगलाच आहे, पण पहिली गाडी घेताना बहुतेक पोरं मन कुठं बसलंय तेवढंच बघतात, आणि मग ती गाडी खोलून पोत्यात भरून माळ्यावर जाते ती जातेच. म्हणून माझं म्हणणं एवढंच की पहिली गाडी पुरी होणारी घ्या, स्वप्नातली गाडी दुसरी घ्या.

गाडी बघायच्या आधी कागद बघा. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, पुढं दर ५ वर्षांनी रिन्यू करायचं आणि वर जुन्या गाडीवरचा ग्रीन टॅक्स. जुन्या गाडीचं रिन्यूअल राहिलेलं असणारच, तेवढ्यानं घाबरायचं कारण नाही, पैसे भरून ते काम होतं. खरं अडतं ते दुसरीकडंच. मूळ मालक वारलेला असतो, गाडी अजून त्याच्याच नावावर, मग आधी फॉर्म ३१ वर वारसाच्या नावावर करायची आणि नंतर मालकी बदलायचे फॉर्म २९-३० भरून तुमच्या नावावर, आणि मधेच विकणाऱ्याचा भाऊ म्हणतो की मला विचारलंच नाही. दुसरी भानगड बोजाची. आपल्याकडं पतसंस्थांची काही कमी नव्हती, त्यावेळी गाडी तिथनं कर्जावर घेतलेली, कर्ज फिटलेलं पण आरसीवरचा बोजा कुणी उतरवलेलाच नाही, आणि आता ती पतसंस्थाच बंद पडली असली तर बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ वर सही-शिक्का कोण मारणार? "आरसी हरवलीय, पण निघंल की" असं म्हटलं की मी तर सरळ चहा पिऊन उठतो.

कोल्हापूरच्या एमएच-०९ च्या आधीच्या तीन अक्षरी नंबरची गाडी असेल तर अजून एक बघा. तिची माहिती ऑनलाईन दिसते का? नसेल दिसत तर आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाईन चढवून, घ्यावी लागते, ती मालकानं करून दिल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आणि ५० वर्षांच्या वरची गाडी असेल तर २०२१ च्या नियमानं विंटेज म्हणून नवीन नोंदणी केली की 'व्हीए' सिरीजचा नंबर मिळतो, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण ती प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची गाडी होते, रोज राजारामपुरीत भाजी आणायला न्यायची नाही, हे डोक्यात ठेवा.

आता गाडी कुठली. नुसतं नाव नका बघू, तिचे पार्ट मिळतात का आणि तिच्यावर हात बसलेला मिस्त्री जवळ आहे का ते बघा.

सगळ्यांना पहिल्यांदा आरएक्स १०० च पाहिजे असते. १९८५ ते १९९६ या काळात आलेली गाडी, ९८ सीसी, ११ बीएचपी, वजनाला हलकी, आणि आपल्याकडं जाळ अन् धूर संगटच म्हणतात ते या गाडीला बघूनच पटतं. बांधायला सोपी आहे, पार्ट पण मिळतात, पण भाव इतका चढलाय की पहिल्या प्रयोगाला एवढे पैसे घालावेत असं मला वाटत नाही. शिवाय पैसा आला की लबाडी येते, आरएक्स १३५ चं इंजिन नाहीतर दुसऱ्याच चेसीवर (गाडीच्या सांगाड्यावर) नवीन ठोकलेला नंबर, असल्या गाड्या अस्सल म्हणून फिरवल्या जातात. इंजिन नंबर, चेसी नंबर पेट्रोलच्या फडक्यानं पुसून आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. आकडे वरखाली दिसले, आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्यासारखा पत्रा गुळगुळीत लागला किंवा सगळी गाडी गंजलेली आणि नेमकं नंबरवरच ताजं पेंट असलं तर तिथनंच मागं फिरा.

राजदूत ३५० चं तर पहिल्या गाडीला नावच काढू नका. १९८३ ला आपल्याकडं आलेली यामाहा आरडी, ३४७ सीसी, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, म्हणजे प्रत्येक खर्च दुप्पट, आणि ओरिजनल पार्टच्या किमती ऐकून घरात भांडणं होतील.

साधी राजदूत १७५, आपल्या दूधवाल्यांची, कॅन लटकवून वाड्या-वस्त्या फिरलेली, ती मात्र लोक उगाच हिणवतात. पोलंडच्या एसएचएल गाडीवरनं एस्कॉर्ट्सनं बनवलेली, दणकट, इंजिन एकदम साधं. खेड्यात गोठ्याच्या कडेला अजून सापडते आणि चुकलात तरी नुकसान कमी. हात बसवायला मस्त गाडी, फक्त बांधून झाल्यावर विकायला गेलात तर घातलेले पैसे निघतीलच असं नाही.

येझदी म्हणजे म्हैसूरची गाडी, १९६१ पासून आधी जावा म्हणून आणि मग येझदी म्हणून १९९६ पर्यंत निघाली. २५० सीसी, सिलिंडर एकच पण सायलेन्सर दोन, आणि किक अन् गिअरचा दांडका एकच. तो दांडका आत दाबून वर फिरवला की किक होते, नवीन माणूस हमखास गोंधळतो. टू स्ट्रोक असल्यानं व्हॉल्व्ह, टॅपेट काही नाही, त्यामुळं घरी खोलायला सोपी. पण क्रँकचं, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीनं फिरणाऱ्या इंजिनातल्या दांड्याचं, काम घरी होत नाही, प्रेसवर उघडून, नवीन रॉड बसवून, परत सरळ करायला जाणकारच पाहिजे. आणि शोरूममधल्या नव्या जावा-येझदीचे पार्ट हिला बसतील असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या, नावापलीकडं त्यांचा काही संबंध नाही.

आणि बुलेट, जुन्या कास्ट आयर्न इंजिनची, २०१० च्या आसपासपर्यंत निघालेली. ३४६ सीसी, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. ऑइल गळणार हे धरूनच चला. पण इंजिन वेगळं आणि गिअरबॉक्स वेगळा असल्यानं एक काम संपवून दुसरं हातात घेता येतं, शिकणाऱ्याला हे फार सोयीचं पडतं. नटबोल्टपासून टाकीपर्यंत सगळं नवीन मिळतं, हलकं-भारी दोन्ही. तेव्हा पैसे थोडे जास्त असतील तर बुलेट, बेताचे असतील तर पूर्ण अवस्थेतली येझदी, अगदीच कमी असतील तर राजदूत, मी तरी याच क्रमानं सांगेन.

पूर्ण अवस्थेतली हा शब्द मुद्दाम वापरलाय. बंद पडलेली पण सगळे पार्ट जागेवर असलेली गाडी ही चालू पण दहा गाड्यांचे पार्ट लावलेल्या गाडीपेक्षा कधीही बरी. इंजिन दुरुस्त होतं हो, पण येझदीच्या टाकीचं झाकण, साइड बॉक्स, हेडलाईटची रिंग, मीटर, टूल बॉक्सचं कुलूप असल्या बारीकसारीक वस्तू हुडकण्यातच वर्ष जातं.

बघायला जाताना खिशात एक लोहचुंबक, एक बॅटरी (टॉर्च) आणि प्लग पाना न्या. टाकीवरनं चुंबक फिरवा, जिथं चिकटत नाही तिथं खाली पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलीय. टाकीत बॅटरी मारून बघा, वरवरचा गंज निघतो पण तळाला भोकं असली तर वेगळा खर्च. प्लग काढून हातानं किक हळू दाबा, जाम असली तर प्लगच्या भोकातनं थोडं डिझेल सोडून ठेवायला सांगा आणि चार दिवसांनी परत या, उड्या मारून किक तोडायला जाऊ नका. फिरत असली तर प्लग परत लावून कॉम्प्रेशन बघा, किक पायाला उलट ढकलली पाहिजे. टू स्ट्रोकला, म्हणजे वरच्यातली बुलेट सोडून बाकीच्यांना, क्रँकच्या टोकाला बसवलेल्या मॅग्नेटचं झाकण काढून मॅग्नेट वर-खाली हलवून बघा, तिथं खेळ असला तर क्रँकचे बेअरिंग गेलेत. हँडल सरळ धरून मागनं बघा दोन्ही चाकं एका ओळीत आहेत का, धडकलेली चेसी पहिल्या गाडीला नकोच.

आता आपल्या भागाची खास गोष्ट. गाडी चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुका असल्या पुराच्या पट्ट्यातली असेल तर २०१९ ला आणि २०२१ ला ती कुठं होती हे स्पष्ट विचारा. "पाणी आलंच न्हाई आमच्याकडं" असं सांगतील, तुम्ही हेडलाईटचा डोम उघडून तळाशी बोट फिरवा. पुराचा गाळ बारीक, राखाडी, वाळला की पिठासारखा बोटाला लागतो, बाहेरनं कितीही धुतली तरी डोममध्ये, सीटच्या खाली, वायरिंगच्या कपलरमध्ये राहतोच. पाणी इंजिनात शिरून तसंच बसलेलं असलं तर बेअरिंग, क्रँक, गिअर सगळं गंजलेलं निघणार. गाडी घेऊच नका असं नाही, पण मग भाव इंजिन नसलेल्या गाडीचा द्या.

मशीन कामाची चिंता मात्र कोल्हापूरकरानं करू नये. फौंड्रीचं गाव आहे, उद्यमनगरात शिरलं की लेथ, बोअरिंग, वेल्डिंग सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. ब्लॉक बोअर करायच्या, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतनं मोठा करायच्या, आधी पिस्टन हातात घ्या, ०.२५, ०.५० मिमी असा ओव्हरसाईझ कुठला मिळतो ते बघून त्या मापाला बोअर करायचा, उलट केलं की पिस्टन हुडकत फिरावं लागतं. क्रोम आणि पेंटचा खर्च लोक हिशोबात धरतच नाहीत आणि तोच इंजिनाच्या बरोबरीला येऊन बसतो, म्हणून हातात जेवढे पैसे आहेत त्यातले निम्मेसुद्धा गाडी विकत घेण्यात घालवू नका. आणि पेंट पावसाळ्यात नको, आपल्याकडच्या दमट हवेत फिनिशिंग पांढुरकं पडतं. पावसात खोलाखोली आणि इंजिन, दिवाळीनंतर रंग.

व्यवहार ठरला की २९-३० वर मालकाच्या सह्या, आधारची झेरॉक्स, आणि पैसे शक्यतो बँकेतनं. छोटा हत्ती घेऊन जाल तेव्हा घरातल्या म्हातारीला एकदा विचारा, "आज्जी, या गाडीचं अजून काय पडलंय का घरात?" पोराला माहीत नसतं, पण चुलीमागच्या डब्यात टाकलेली दुसरी चावी आणि साइड बॉक्सचा नट ती बरोबर काढून देते.