सायकलचं कुलूप घेताना काय बघायचं आणि ते कशाला बांधायचं

सायकलचं कुलूप मागितलं की दुकानदार आधी बजेट विचारतो. त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी: सायकल कुठे आणि किती वेळ उभी राहणार? कोपऱ्यावरच्या डेअरीतून दुधाची पिशवी घ्यायला दोन मिनिटं, वनाज मेट्रो स्टेशनखाली दिवसभर आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्रभर, या तीन निराळ्या गरजा आहेत आणि एकच कुलूप तिन्हींना पुरत नाही. रोज चालवली जाणारी सायकलसुद्धा चोवीसपैकी बहुतेक तास घरच्या पार्किंगमध्येच असते. नेमकी तिथेच "आपलीच सोसायटी, वॉचमन आहे" म्हणून लोक सगळ्यात पुचाट कुलूप लावतात. चोराला रात्री दोन वाजता निवांतपणा मिळतो तो तिथेच.

प्लास्टिकचं आवरण असलेलं वायर लॉक सगळ्यात जास्त खपतं, कारण ते दीड-दोनशे रुपयांपासून मिळतं आणि हातात घेतल्यावर जाडजूड वाटतं. ती जाडी प्लास्टिकची असते. आवरण सोललं की आत बारीक तारांचा पीळ निघतो, आणि तो एका दणक्यात तोडावाही लागत नाही. चांगल्या कटिंग प्लायरनं चार-चार तारा कापत गेलं की मिनिटभरात काम होतं, आवाजही होत नाही. त्यामुळे वायर लॉक मुख्य कुलूप म्हणून घेऊ नका. पुढचं चाक किंवा हेल्मेट अडकवायला दुसरं कुलूप म्हणून ते ठीक आहे.

नंबर लॉकचा हिशेब सोपा आहे. तीन आकड्यांचे हजार पर्याय होतात. सेकंदाला एक धरला तरी सतरा मिनिटांच्या आत सगळे फिरवून होतात. चार आकड्यांना पावणेतीन तास लागतात, पण तेवढं कुणी बसत नाही. स्वस्त नंबर लॉकची दोन टोकं ताणून धरून चकती फिरवली की योग्य आकड्यावर ती किंचित अडकते, आणि सराव असलेला माणूस ते बोटांनी ओळखतो. शिवाय बरेच जण बंद करताना शेवटची चकती फक्त एक घर सरकवतात. तेवढं तर शेजारचं पोरगंही उघडतं.

मागच्या चाकाला बसणारं रिंग लॉक, म्हणजे जुन्या काळ्या सायकलींना असायचं ते, तुच्छ समजू नका. चाक फिरू न देणं एवढंच त्याचं काम. बसून पळवणाऱ्याला ते अडवतं, उचलून टेम्पोत टाकणाऱ्याला नाही. दुधाच्या पिशवीपुरतं उत्तम, आणि मोठ्या कुलपाच्या जोडीला तर हवंच.

खरी निवड साखळी आणि यू-लॉक (इंग्रजी U सारख्या वाकवलेल्या जाड दांड्याचं कुलूप) यांतच करायची. घडीचं लॉक दिसायला छान आणि न्यायला सोपं असतं, पण त्यातल्या पट्ट्या जिथे रिव्हेटनं जोडलेल्या असतात तो सांधा कमजोर असतो. चांगल्या कंपनीचं घ्यायचं तर किंमत यू-लॉकच्या वर जाते.

साखळी

पुण्याच्या रविवार पेठेत बोहरी आळीत किलोवर किंवा फुटावर मिळणारी साधी लोखंडी साखळी मऊ पोलादाची असते. 6 मिमीची साखळी दोन फुटी बोल्ट कटर सहज तोडतो, आणि 8 मिमीलाही त्याला फारसा घाम येत नाही. कडीची जाडी किमान 10 मिमी हवी, रात्रभरासाठी 12–13 मिमी. जाडीइतकाच महत्त्वाचा कडकपणा. तो तपासायला नवी, धारदार कानस घ्या आणि कडीच्या आतल्या बाजूला हलकेच दोन-तीनदा फिरवा. कानस पकड घेऊन चकचकीत ओरखडा पाडत असेल आणि बारीक कीस पडत असेल, तर पोलाद मऊ आहे. काचेवरून जावी तशी ती घसरत गेली आणि जेमतेम वरचं पॉलिश खरवडलं, तर पृष्ठभाग कडक केलेला आहे. दुकानदाराला आधी विचारा. नवीन मालावर कानस चालवलेली कुणालाच आवडत नाही. लोहचुंबक लावून बघण्यात अर्थ नाही, तो दोन्हीला चिकटतो.

क्रेनला लागणारी ग्रेड 80 ची साखळीही मिळते, कड्यांवर 8 किंवा 80 असा ठसा असतो. ती साध्या साखळीपेक्षा कितीतरी दणकट असते, पण वजन पेलायला बनवलेली असल्यामुळे तिचा पृष्ठभाग सायकल लॉकच्या साखळीइतका कडक नसतो. कानस तिच्यावर थोडीफार चालते. 10 मिमीला मीटरमागे सव्वादोन किलोच्या आसपास वजन येतं, 13 मिमीला पावणेचारच्या घरात. एवढं ओझं रोज पाठीवर नेणार नाही, आणि न्यायची गरजही नाही: जड साखळी सोसायटीतच कायमची ठेवा आणि सायकलबरोबर फक्त यू-लॉक न्या.

साखळी चांगली घेऊन तिला दाराचं कुलूप लावणं ही नेहमीची चूक. 10 मिमी साखळीला 7 मिमी कडीचं कुलूप लावलं, तर चोर साखळीकडे बघणारही नाही. कुलपाची कडी साखळीइतकी तरी जाड हवी आणि ती साखळीच्या शेवटच्या कडीत शिरते का हे दुकानातच लावून बघा. बहुतेकदा तिथेच घोडं अडतं. कडी बाहेर जितकी कमी दिसेल तितकं बरं, कारण कटरचा जबडा घालायला जागा उरत नाही. जस्ताच्या ओतीव धातूचं हलकं कुलूप हातोड्याच्या चार घावांत फुटतं.

यू-लॉक

कटरपुढे 12 मिमीचा दांडा काठावर असतो. 14 मिमीचा कडक दांडा हातानं चालवायच्या कटरला सहसा दाद देत नाही, आणि 16 मिमीच्या पुढे प्रश्नच नाही. ग्राइंडरपुढे मात्र यातलं काहीच कायम टिकत नाही, फक्त वेळ वाढतो. म्हणून एक गोष्ट मुद्दाम विचारा: दांडा दोन्ही टोकांना लॉक होतो का? एकाच टोकाला लॉक होत असेल तर एक काप देऊन दांडा फिरवला की सुटतो. दोन्ही टोकांना होत असेल तर दोन काप द्यावे लागतात, म्हणजे ठिणग्या आणि आवाज दुप्पट.

किल्ली बघा. गोल नळीसारखी किल्ली असेल तर लॉक परत ठेवा. 2004 साली अमेरिकेत अशा नळीच्या किल्लीची नामांकित यू-लॉक साध्या बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीनं उघडून दाखवली गेली आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. स्वस्त मालात ती रचना अजून दिसते. सपाट, एकाच बाजूला दाते असलेली किल्लीही कच्चीच. आत चकत्या असलेलं लॉक चांगलं. त्याच्या किल्लीला दाते नसून तिरके काप असतात. त्याची डुप्लिकेट रस्त्यावरच्या किल्लीवाल्याकडे सहसा होत नाही, म्हणून पहिल्या दिवशीच किल्लीचा नंबर असलेलं कार्ड घरात जपून ठेवा.

पाकिटावरच्या "सुरक्षा पातळी 9" वगैरे आकड्यांना भुलू नका. ती मोजपट्टी कंपनीची स्वतःची असते, एका कंपनीच्या 9 ची दुसरीच्या 9 शी तुलना होत नाही. स्वतंत्र चाचणीचा शिक्का शोधायचा असेल तर ब्रिटनचा सोल्ड सिक्युअर (ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड) किंवा नेदरलँड्सचा एआरटी, ज्यात तारे असतात. असं लॉक काही हजारांत जातं. सात हजारांच्या सायकलला ते कुणी घेणार नाही, घेऊही नये. तिथे 10 मिमी साखळी, बऱ्यापैकी कुलूप आणि रिंग लॉक पुरे. तीस हजारांच्या पुढे शिक्क्याचं यू-लॉक आणि घरी जड साखळी. लाखाची सायकल असेल तर ती लिफ्टनं वर न्या आणि घरच्यांची बोलणी खा.

माप घेताना पुठ्ठ्याचा खोका कामाला येतो. साधारण यू-लॉकची आतली जागा 10 बाय 23 सेंमी असते, छोट्याची 8 बाय 18. पुठ्ठ्याच्या कडेपासून आत या मापाच्या दोन खाचा कापा, म्हणजे प्रत्येकी तीन बाजूंची चौकट राहील, आणि नेहमी सायकल लावता तिथे धरून बघा: सीटखालचा पाइप, मागचं चाक आणि रेलिंग तिन्ही आत मावतात का? 2.1 इंची टायर म्हणजे 53 मिमी, त्यामुळे जाड टायरच्या एमटीबीला (माउंटन बाइकला) छोटं लॉक बहुधा पुरत नाही. मावणाऱ्यांतलं सगळ्यात लहान घ्या. आत मोकळी जागा उरली की जॅक घालून लॉक फाकवायला वाव मिळतो.

कशाला बांधायचं

लॉक कितीही भारी असो, चोर आधी खांब बघतो. "नो पार्किंग"च्या खांबाचं वरचं टोक मोकळं असेल आणि पाटी लॉकमधून निघण्याएवढी लहान असेल, तर सायकल वरून उचलून काढता येते. खांब हलवून बघा, बरेच खांब नुसते फरशीत रोवलेले असतात. फुटपाथच्या रेलिंगचे नटबोल्ट तपासा. झाडाभोवतीच्या ट्री गार्डच्या पट्ट्या हातानं वाकतात. पुढचं चाक खोबणीत घालायच्या स्टँडला फक्त चाक बांधलं, तर परत आल्यावर फक्त चाकच मिळण्याची शक्यता असते.

तीन जागा पूर्ण वर्ज्य. पावसाळ्यात विजेचा खांब किंवा डीपीची जाळी, कारण ओल्या लोखंडात करंट उतरू शकतो. पार्किंगमधला अग्निशमनाचा लाल पाइप. आणि पाइप गॅसची लाइन. लॉक तोडताना गॅसचा पाइप तुटला तर गेलेली सायकल ही किरकोळ बाब ठरेल.

बांधताना फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही लॉकमध्ये घ्या. मागचं चाक गिअरमुळे महाग असतं. सीटखालचा पाइप, त्याच्या लगतची मागची रिम आणि रेलिंग यांतून यू-लॉक घालायचा. पुढच्या चाकाला वायर. लॉक जमिनीपासून उंच आणि किल्लीचं भोक खाली ठेवा. साखळी जमिनीवर लोळत ठेवली तर चोर कटरचा एक दांडा फरशीवर टेकवून दुसऱ्यावर अंगाचा भार टाकतो आणि ताकद कितीतरी वाढते. हातोड्यालाही खाली ऐरण मिळते.

चाकाला आणि सीटला क्विक रिलीज लिव्हर असतील तर ते बदलून अॅलन कीचे बोल्ट लावून घ्या. कुठलाही सायकल मेकॅनिक दहा मिनिटांत करून देतो. सीट वारंवार वरखाली करत नसाल तर बोल्टच्या डोक्यातल्या खळग्यात मेण घालून वर सायकलचा एक छर्रा दाबून बसवा. अॅलन की आत जात नाही, आणि स्वतःला लागेल तेव्हा टोकदार तारेनं उकरून काढता येतो.

सोसायटीतली व्यवस्था

पार्किंगमध्ये बांधायला काही नसतं ही खरी अडचण, कारण कॉलम यू-लॉकमध्ये मावत नाही. कमिटीची लेखी परवानगी काढून आरसीसी भिंतीत किंवा जाड काँक्रीटच्या जमिनीत अँकर, म्हणजे साखळी अडकवायची पक्की कडी, बसवा. 10 किंवा 12 मिमीचे फास्टनर, किमान 70–80 मिमी खोल. नव्या इमारतींतल्या हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीत फास्टनर धरत नाही, जोरात ओढलं की निघतो. पेव्हर ब्लॉकवर तर अजिबात नको, तो ब्लॉकसकट उचलला जातो. कॉलमला भोक पाडायचं तर आधी माहीतगाराला विचारा, सळईला धक्का लागता कामा नये. वाकवून केलेला उघड्या तोंडाचा आय बोल्ट पहारीनं सरळ होतो, वेल्डिंग केलेला किंवा घडीव घ्या. नट घट्ट केल्यावर त्याच्या कडा घासून गोल करा म्हणजे पाना बसणार नाही. एक अँकर बसला की शेजारीपाजारीही मागतील. चार-पाच एकदम बसवले तर हॅमर ड्रिलवाल्याची मजुरी वाटली जाते. "येथे सीसीटीव्ही आहे" या पाटीनं चोर थांबत नाही, फक्त टोपी घालतो.

पावसाळा आणि तेल

जून ते सप्टेंबर कुलपं अडकतात. खोबरेल तेल घालू नका: ते 24 अंशांच्या खाली गोठतं, आणि पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी किल्ली आत जाऊन तिथेच राहते. मशीनच्या तेलावर धूळ बसून चिखल होतो. आधी पाणी घालवणारा स्प्रे मारा, वाळू द्या, मग ग्रॅफाइट पूड किंवा कोरडं वंगण घाला. पूड नसेल तर 4बी पेन्सिलचं शिसं किल्लीवर घासून ती पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. साखळीवरचं कापडी आवरण भिजलं की काढून वाळवा, गंज आतूनच लागतो. आणि किल्ली फिरत नसेल तर पक्कड लावून पिळू नका, आत मोडली की ग्राइंडर तुम्हालाच भाड्यानं आणावा लागेल.

आजच करायचं काम

सायकल उलटी करा. पॅडलच्या अक्षाखाली फ्रेमवर कोरलेला नंबर असतो. तिथे नसला तर सीटच्या पाइपवर, हँडलखाली किंवा मागच्या चाकाच्या खाचेजवळ बघा. चिखल पुसून त्याचा, पूर्ण सायकलचा आणि बिलाचा फोटो काढा आणि स्वतःलाच मेल करा. चोरी झाली तर जवळच्या पोलीस ठाण्यात हे तिन्ही घेऊन जा आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली चोरीची एफआयआर नोंदवायला सांगा. "हरवल्याची नोंद करून ठेवतो" म्हणाले तर नम्रपणे सांगा की सायकल हरवलेली नाही, चोरीला गेली आहे, आणि तुटलेलं कुलूप पुरावा म्हणून दाखवा. जुन्या वस्तूंच्या ॲपवर तीच सायकल विकायला आलेली दिसली तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट पोलिसांना द्या. विकणाऱ्याला भेटायला एकटे जाऊ नका.